पंधरा मिनिटं पुढे

फिलोमिनाने बॅग दिली आहे, चाकांची,
हँडलला अजून कुवेतची चिठ्ठी चिकटलेली.
"काढू नको ती," म्हणाली, "ओळखायला बरी."
बॅग कपाटावर चढवून आम्ही दोघं खाली बसलो
तेव्हा आठवलं,
जायचं कधी ते ठरलेलंच नाही.

लग्नाला सव्वीस वर्षं.
तेव्हा गेलो होतो नरसोबाच्या वाडीला,
टेम्पोतून, सासू धरून नऊ माणसं
आणि एक कलिंगड, जे माझ्या मांडीवर होतं.
त्यानंतर दोघंच असं कुठे गेलो
तर वेंगुर्ल्याच्या बाजारात.

"खंय जावया?" लवूने विचारलं.
मी म्हटलं, समुद्र नसेल तिथे.
त्याने आमच्या खिडकीची बिजागरं खाल्ली,
पत्र्याचे खिळे खाल्ले, दोन टीव्ही खाल्ले.
एकदा मला अशा गावात झोपायचं आहे
जिथे कपडे वाळले म्हणजे वाळले.

"काठमांडू," तो म्हणाला,
इतक्या पटकन, की मला कळलं
हे नाव त्याने आधीच कुठेतरी ठेवून दिलं होतं.

बंदरावरच्या कारखान्यात बावीस वर्षं
हा माणूस बर्फाच्या लाद्या फोडतो.
मी हसले. "अजून बर्फच बघूचो आसा तुका?"
"ह्यो इकूचो," म्हणाला.
"थंयचो नुसतो बघूचो."

लेकीने पुण्याहून फोनवर सांगितलं सगळं:
मोप्याहून दिल्ली, दिल्लीहून पुढे,
पासपोर्ट नको, मतदानाचं कार्ड चालतं.
ज्या कार्डावर पक्या मेस्त्रीला पंचायतीत पाडला
तेच दाखवून देश ओलांडायचा,
हे लवूला आधी कमीपणाचं वाटलं,
दुसऱ्या दिवशी अभिमानाचं.
माझ्या कार्डावर वत्सलाची 'वसला' झाली आहे.
म्हणजे तहसीलला तीन खेपा.
पाचशेची नोट तिथे घेत नाहीत म्हणे,
म्हणून काजूच्या फॅक्टरीतला पगार मी
सुटा करून आणते, शंभर शंभर,
आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवते.
नोटांना आता चहाचा वास येतो.

अडलं ते महिन्यावर.
जून-जुलै होड्या बंद, कारखाना बंद, लवू मोकळा.
पण तेव्हा तिथे ढग.
लेक म्हणाली, चार दिवस खोलीत बसाल,
डोंगर दिसतात ते कार्तिकात.
आणि कार्तिकात बांगडा.
बांगड्याच्या दिवसांत बर्फवाल्याने रजा मागायची
म्हणजे ऐन मुहूर्तावर भटजींनी
"जरा जाऊन येतो" म्हणायचं.

बावीस वर्षांत त्याने रजा मागितलेली नाही,
तापात पडला तेव्हाही निरोप मीच दिला.
काल रात्री मोरीपाशी उभा राहून
बादलीला सांगत होता,
"शेट, चार दिवस..."
मग थांबला. मग म्हणाला, "तीन."
मी आतूनच ओरडले,
"पाच सांग! चारार येतलो तो."

लेक शेवटी एक सांगायची विसरली होती,
परत फोन करून म्हणाली:
तिथलं घड्याळ आपल्या पुढे,
तास नाही, अर्धा तास नाही,
पंधरा मिनिटं.
एवढीशी घेऊन कुणी काय करत असेल?

मी स्वयंपाकघरातलं घड्याळ
त्याला न विचारता पुढे केलं.

आज सकाळी पावणेसात बघून
तो दचकून उठला, एक चप्पल पायात घातली,
मग त्याला आठवलं.
तसाच एका चपलेने परत येऊन बसला.
मी उरलेला चहा त्याच्या बशीत ओतला.
खिडकीबाहेर तो दुसरा ओरडतच होता,
आम्ही तिकडे बघितलं नाही.

शेटला अजून विचारायचं आहे.